बाबांनी मांडीवर आणलेली रेती

नाशिक

तीर्थस्वरूप रंजनाआत्यास मोहिनीचा साष्टांग नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? पुरुषोत्तमनगरला ऊसतोडीच्या गाड्या सुरू झाल्या असतील, म्हणजे अंगणात धूळ आणि तुला खोकला, दोन्ही असणार. काळजी घे. मी बरी आहे. बाबाही बरे आहेत, पण सध्या जरा गप्प आहेत (त्याचंच हे पत्र).

आपल्या गावाच्या उंच पाण्याच्या टाकीसाठी बाबांनी नदीकडची जागा द्यायचं ठरवलं, हे कानावर आलं असेलच. शेजारी अंगणवाडी, त्यामुळे सगळ्यांना सोयीची. फक्त खाली सगळी रेती. अशी ओली रेती भूकंपात हादरली की आतल्या पाण्याचा दाब वाढतो, कणांची एकमेकांवरची पकड सुटते आणि जमीन पातळ होऊन वरचं बांधकाम कलंडतं. म्हणून तपासणी लागते, आणि ती नेमकी मी काम करते त्या नाशिकच्या प्रयोगशाळेकडे आली.

बोअर मारून नळ्यांत रेती काढली. ती जशी जमिनीत होती तशीच नाशिकला न्यायची, वाटेत हलता कामा नये, म्हणून गोठवावी लागते. शहाद्याच्या स्टँडजवळ हेमकांतच्या आइस्क्रीमच्या दुकानात नळ्या ठेवल्या. (एका गिऱ्हाइकाने नवी कुल्फी समजून भाव विचारला. हेमकांतने भाव सांगितलासुद्धा.) सकाळी थर्माकोलच्या पेटीत बर्फ भरून एसटी गाठली. बाबा हट्टाने बरोबर आले. त्यांचा तपासणीवर विश्वास नव्हता, पण जमीन त्यांची, म्हणून पेटीही त्यांच्याच मांडीवर. प्रत्येक खड्ड्याला ते गुडघे उचलून धरत. शेजारी तोरणमाळकडच्या दिवलीबाई म्हणून होत्या, मजुरीला निघालेल्या. त्यांनी विचारलं,

“यामा काय शे, भाऊ?”

“रेती शे.”

“नाशिकमा रेती नई भेटस का?”

बाबांनी पेटी जरा जवळ ओढली. पुढे पेंग आली तरी पेटीवरचा हात काढला नाही.

प्रयोगशाळेत रेतीचा ठोकळा रबरी पिशवीत घालतात, पाण्याने भिजवतात, चहूबाजूंनी दाब देतात आणि मग यंत्राने खालीवर ढकलतात. बाबा समोर खुर्ची घेऊन बसले. सुरुवातीला ठोकळा ताठ उभा होता. “देख, काही नई व्हस,” ते आमच्या साहेबांना म्हणाले (साहेब नागपूरचे, अहिराणी न कळून त्यांनी नुसती मान हलवली). तेवढ्यात ठोकळा मधोमध फुगला आणि सैल शिऱ्यासारखा बसला. दुसरी नळी लावली. तीही बसली.

बाबा उठून उभे राहिले. “हाई आपलीच रेती शे ना?” त्यांनी मला हळू विचारलं.

साहेब भला माणूस. म्हणाले, “काका, प्रवासात पेटी हलली असेल तर नमुने बाद करू. पुन्हा आणा.” सुटायला एवढी वाट होती. बाबांनी फक्त हो म्हणायचं होतं.

“हालनी नई,” बाबा म्हणाले. “मी मांडीवर लिसन बठेल व्हतू.”

झालं. स्वतःच्या जागेवर त्यांनी स्वतःच काट मारली. बाहेर चहा पिताना एवढंच म्हणाले, “अंगणवाडी लागूनच शे. टाकी तठे नको.” मी त्यांना बसमध्ये बसवून आले. तब्येत सांभाळ, मामांना नमस्कार.

तुझी,
मोहिनी

ता. क. : टाकीला आता पक्क्या मुरमाची उंचवट्याची जागा हवी. गावात तशी एकच आहे, वाटण्यांत बाबांनी “तिथे दगडच पिकतील” म्हणून तुझ्या नावावर ढकललेला तुकडा. तू तेव्हापासून त्यांच्याशी बोलत नाहीस, हे मला माहीत आहे. तरीही देशील का? फोनवर विचारलं असतं तर तू मध्येच ठेवला असतास, म्हणून पत्र.

आणखी एक : द्यायचा नसला तरी चालेल, पण ते मला कळवू नकोस, बाबांना फोन करून सांग. “रंजनाचा फोन येत नाही,” असं ते स्टँडवर दोनदा म्हणाले. दोन्ही वेळा मी त्यांना रेतीबद्दल विचारलं होतं.