बकरीपुढे लोटांगण

इलेशा, ३ मार्च १९८४

तीर्थरूप मोरेनिकेताईस,
अजिबोलाचा सा. न. वि. वि.

ताई, युद्ध पेटलं आहे! आमच्या मुख्याध्यापिका ओगुनदेलेबाई शुक्रवारचा माझा गोष्टीचा तास काढून तिथे गणित घालणार म्हणतात. गोष्टींनी मुलं सुधारतात हे येत्या शुक्रवारी शिक्षणाधिकाऱ्यांसमोर दाखवा, नाहीतर तास बंद! मी ठणकावलं की, बाई, गणितानं बेरीज येते, लाज येत नाही. माणूस घडतो तो गोष्टीनं!

मी "आलो ओ!" अशी गोष्टीची हाक घातली की चाळीस गळे "आलो!" म्हणून गरजतात. ऐकणाऱ्यांनी ओ दिल्याशिवाय सांगणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही, हा आपल्या पूर्वजांचा कायदा. काल कासवाची गोष्ट सांगितली. पाहुण्यांचा सुरण स्वतः खातो आणि आळ उंदरावर घालतो. पोरं टाळ्या पिटत "कासवा, तोंड पूस!" गात होती. दुसऱ्यावर आळ घालणाऱ्याला कधी ओ द्यायची नाही, हे तात्पर्यही मी बजावलं.

एक गालबोट लागलं. माझ्या वर्गातल्या तितिलोपेच्या आईनं वर्गात बक्षीस द्यायला गरमागरम अकारा वडे पाठवले होते. झाकण उघडलं तर भांडं रिकामं! बाईंच्या बकरीचंच काम. शिक्षा म्हणून तिला आठवडाभर खुंटीला बांधायला लावलं आहे.

तुझा लोभ हीच माझी ढाल.
अजिबोला

इबादान, ६ मार्च

चि. अजिबोलास अनेक आशीर्वाद.

तुझं भाषण वाचून शेजारीण घाबरली, इतकं मोठ्यानं वाचलं. पण काय रे, बकरीनं मिरचीचे वडे खाल्ले आणि वर झाकणही लावलं? बाईंनी तिलाच शिक्षिका नेमावं!

बाबांच्या ताटातली कोंबडीची तंगडी खाल्लीस म्हणून लहानपणी मार खाल्ला होतास, ते आठवलं. तेव्हाही नाही नाही म्हणत होतास. शुक्रवारी जप. तो तास गेला तर तू घरी बसून मलाच भाषणं लिहिशील.

पोटाला आवर घाल, माया आहेच.
मोरेनिके

इलेशा, १० मार्च

तीर्थरूप ताईस,
सा. न. वि. वि.

काल अधिकारी खुर्चीत, बाई शेजारी, मी छाती फुगवून उभा. "आलो ओ!" अशी हाक घातली. चाळीस तोंडं बंद! पुन्हा घातली. तिसऱ्यांदा घातली. अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिलं. 

तेवढ्यात तितिलोपे उठली, रीतीप्रमाणे गुडघे टेकले आणि अदबीनं म्हणाली की, गुरुजी, दुसऱ्यावर आळ घालणाऱ्याला ओ द्यायची नाही, असं तुम्हीच शिकवलंत. बकरीला झाकण लावता येतं का, एवढं सांगा.

ताई, आयुष्यभर सभा गाजवल्या, पण ही सभा त्या पोरीनं गाजवली. रागावलो असतो तर वर्ग गप्प बसला असता, आणि गोष्ट कायमची मेली असती. शेवटी सांगून टाकलं: सात वडे, सातही मीच खाल्ले! मग अंगणात गेलो आणि नव्या पांढऱ्या घोळदार अगबाडा झग्यासकट बकरीपुढे धुळीत लोटांगण घातलं. तिनं माझी टोपी चघळली.

पाठीमागून चाळीस गळे फुटले, "कासवा, तोंड पूस!" त्यांत एक्केचाळिसावा आवाज बाईंचा! अधिकारी डोळे पुसत म्हणाले की, सुधारलेली मुलं पाहिली, आता गुरुजीही सुधारतील. तास राहिला! यापुढे भांडं मात्र बाईंच्या टेबलावर.

टोपी गेली, लोभ जाऊ देऊ नकोस.
अजिबोला

इबादान, १४ मार्च

चि. अजिबोलास अनेक आशीर्वाद.

हसून हसून पोट दुखलं. मग एकदम हसू थांबलं.

बाळा, ती तंगडी मी खाल्ली होती. तुला फटके पडत होते तेव्हा मी दाराआड तोंड पुसत होते. त्रेचाळीस वर्षं तुझी बकरी करून ठेवली. तुझ्या त्या चिमुरडीनं मलाही सोडलं नाही.

इथे पत्रापुढे गुडघे टेकले आहेत. उठताना कोणाला तरी हाक मारावी लागेल. ईस्टरला ये. अख्खी कोंबडी शिजवते, दोन्ही तंगड्या तुझ्या.

आलो ओ!

ओ देशील ना?
तुझी ताई