चौथा तुकडा

रविवार, १२ ऑक्टोबर

प्रिय दादा,

नमस्कार, खुशाली, वडीलकीचा मान, सगळं रीतसर झालं असं समज. तुझी तब्येत विचारत नाही. गवत फुलोऱ्यावर आलंय, म्हणजे तू खेळाच्या साहित्याच्या खोलीत खिडकी लावून बसला असशील आणि काचेआडून शिट्ट्या मारत तुझ्या फुटबॉलच्या पोरींना खेळवत असशील. वहिनीचा फोन आला होता. कपडे पुन्हा घरातच वाळताहेत म्हणाली.

मी बरी आहे. प्रयोगशाळेतला फ्रीज बिघडला होता, तो दुरुस्त झाला. शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं चष्मा बदलला. बघ, नमनालाच घडाभर तेल चाललंय.

तुझ्या रक्ताबद्दल लिहायचंय. गेल्या महिन्यात दिलंस ते. नळीवर नाव नसतं, पण तू आमचा सगळ्यात जुना रक्तदाता, आणि सुई टोचताना तुझ्याएवढं कुणी ओरडत नाही, त्यामुळे नळी कुणाची हे अख्ख्या मजल्याला ठाऊक असतं.

तुझ्या ॲलर्जीवरच्या जुन्या इंजेक्शनात गवताच्या अख्ख्या परागाचा अर्क असायचा. त्यानं तुझं काय झालं ते मी शेजारी बसून पाहिलंय. ओठ सुजले, आवाज गेला, आणि डॉक्टरीणबाई दुसरी सुई घेऊन येईपर्यंत तू माझं मनगट सोडलं नाहीस. म्हणून तर आम्ही परागातल्या प्रथिनांचे लहान तुकडे केले. शरीरातल्या मुकादम पेशींनी ते ओळखायचे आणि हळूहळू त्यांची सवय करून घ्यायची. भडकू पेशींना मात्र ते दोन्ही हातांनी धरता येऊ नयेत, कारण तशी पकड मिळाली की त्या पेटतात. असे सहा तुकडे, आणि चाळीस जणांचं रक्त. एकोणचाळीस जणांच्या भडकू पेशी गप्प राहिल्या.

तुझ्या मात्र चौथ्या तुकड्यावर पेटल्या. मी पुन्हा पुन्हा करून पाहिलं. शेवटी आमच्या प्रमुख बाईंनी स्वतः केलं. तेच.

तेव्हा यंदा तुला औषध मिळणार नाही, दादा. या मोसमात मैदानाच्या कडेला उभा राहणार म्हणून तू पोरींना शब्द देऊन बसलायस, तेही वहिनीनंच सांगितलं. मला फार वाईट वाटतंय.

एवढंच असतं तर फोन केला असता.

बाई म्हणाल्या, "त्याला वगळू आणि माणसांवरची चाचणी सुरू करू. एका शितावरून भाताची परीक्षा करायची का?"

मी म्हटलं, "बाई, खडा एकच असला तरी दात पडतोच."

"तू बहीण म्हणून बोलतेयस."

"हो," म्हटलं, "पण खडा आहेच ना?"

त्यांनी नळी परत जागेवर ठेवली. मग म्हणाल्या, "बैठकीत मांड." मी मांडलं. चौथा तुकडा काढायचं ठरलं. आता नवं मिश्रण, पुन्हा सगळ्या तपासण्या, आणि चाचणी एक वर्ष पुढे. म्हणजे तुझ्याबरोबर त्या एकोणचाळीस जणांचाही मोसम मीच घालवला. त्यातल्या एक शिक्षिका काल विचारायला आल्या होत्या. डोळे सुजून लाल झालेले. मला त्यांच्याकडे बघवेना.

तू म्हणशील, मला वगळून भागत होतं, तर बाकीच्यांचं का अडवलंस? कारण उद्या हे औषध हजारोंना जाईल. त्यात तुझ्यासारखे कुणी असणारच, आणि त्यांचं रक्त आधी कुणी तपासलेलं नसेल. मी तेव्हा तुझ्या शेजारी बसले होते. त्यांच्या शेजारी कोण असेल, कुणी असेल की नाही, मला माहीत नाही.

निर्णय बरोबर आहे. तरी रोज सकाळी उठले की तो पुन्हा पहिल्यापासून तपासून बघते.

आता मागणं. नवं मिश्रण पुढच्या महिन्यात तयार होईल आणि ते आधी पेटणाऱ्या रक्तावरच तपासायला हवं. तसं रक्त आमच्याकडे एकाचंच आहे. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, म्हणून ज्याचं वर्ष घालवलं त्याच्याकडेच हात पसरतेय. रागाव, शिव्या दे, महिनाभर बोलू नकोस. पण ये.

अजून असेन तर तुझी,
धाकटी