टेबलाचा पदर

बाबांना, कोराडीहून मधूचा साष्टांग नमस्कार.

तुम्ही होतात तेव्हा पत्र लिहायची वेळच आली नाही. कोराडीहून बस पकडली की तासाभरात इतवारीमागच्या आपल्या घरी, तुमच्या हातमागासमोर. आता तुम्हाला जाऊन आठ महिने झाले आणि आज मी कागद घेऊन बसलोय. कारण काल आईने मला एक गोष्ट सांगितली. ती तुम्हीच सांगायला हवी होती बाबा, माझी तक्रार आहे.

आई चार दिवसांसाठी क्वार्टरवर आली आहे. काल शाल शोधायला तिने पेटी उघडली आणि तळातून तुम्ही विणलेला टेबलक्लॉथ निघाला. घडीसुद्धा मोडलेली नव्हती. "हे असंच कोरं काहून ठेवलं गा?" तिने विचारलं.

आठवतं ना, मी टेबल घेतलं तेव्हा तुम्ही मुद्दाम बघायला आला होतात? आपल्या खानदानातलं पहिलं जेवणाचं टेबल. मी टेप पुढे केली तर म्हणालात, "सुतानंच मोजतो गा, इणायचं सूतच हाये." दोऱ्याला गाठी मारत टेबलाभोवती फिरलात. मग एकदम विचारलंत, "सुशीला कुठं बसते?" तुमची सून कुठे बसते याचा मापाशी काय संबंध, मला कळेना. मी स्वयंपाकघराकडच्या टोकाची खुर्ची दाखवली. खोटं बोललो, बाबा. ती कुठेच बसत नव्हती. आम्हाला वाढून झालं की आत पाटावर ताट घ्यायची, आपल्या घरी आई घ्यायची तशीच.

दिवाळीला तुम्ही कापड घेऊन आलात. पांढऱ्यावर निळ्या बारीक चौकडी, दोन्हीकडे मरून काठ, आणि एका टोकाला चांगला वीतभर भरलेला पदर. दुसरं टोक साधं. माझे ऑफिसातले दोघे फराळाला आले होते. त्यांच्यादेखत मी म्हणालो, "बाबांनी टेबलाला लुगडं नेसवलं!" सगळे हसले, सर्वांत जास्त मी. मला खरंच वाटलं होतं, जन्मभर लुगडी विणलेल्या माणसाचा हात सवयीने पदराकडे गेला, टेबलाला दोन टोकं असतात हे विसरला. तुम्हीही थोडं हसलात, कापडाची घडी घातलीत आणि सुशीलाच्या हातात दिलीत. टेबलावर प्लास्टिकचंच राहिलं.

काल आई पेटीपाशी बसूनच बोलली. "चुकून नाही इणला त्यायनं. मले म्हने, टेबलावर सारे संगच जेवतेत, मंग जी रांधते तिची जागा पक्की पाहिजे. पदराच्या खुर्चीवर दुसरं कोनी बसन काय?" मग कापडावरून हात फिरवत म्हणाली, "मायं त जेवन सदा साऱ्यायच्या मागून झालं. मायासाठी नाही जमलं त्यायले. सुनेसाठी तरी करतो म्हने."

का नाही सांगितलंत, बाबा? मी हसलो तेव्हा एक शब्द बोलला असतात तर? की पोराने आपसूक समजावं असं वाटलं होतं? नाही समजलं. तीन वर्षं त्या खुर्चीवर पोरांची दप्तरं पडून होती. याची मला लाज वाटते.

आज रविवार. सकाळी मीच प्लास्टिक काढलं आणि तुमचं कापड अंथरलं. काय बरोबर बसलंय म्हणून सांगू, बोटभर कमी नाही की जास्त नाही. सुशीलाने पाटोडीचा रस्सा केला होता. पदराकडची खुर्ची ओढून मी तिला म्हटलं, बस. तर ती आईला म्हणते, "आई, तुम्ही बसा." आई म्हणते, "तुयासाठी इणला वं, तू बस." दोघी उभ्या, पोरं भुकेली, रस्सा निवून राहिलेला. शेवटी आईने तिला खांद्याला धरून बसवलं आणि स्वतः ताट घेऊन आत निघाली, सवयीने. मी तिचं ताट काढून घेतलं. आई काल इतकं बोलली आणि आज पुन्हा पाटाकडेच वळली. मी तिच्यासाठी खुर्ची ओढली. ती टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसली, पदर नसलेल्या बाजूला. सुशीला तीनदा उठली, तीनदा बसवली. तिच्या हातून रस्स्याचा थेंब पदरावर सांडला आणि तिचा चेहरा उतरला. मी म्हटलं, असू दे, आता कुठे ते वापरात आलं.

आपला धाकटा नामदेव पुढच्या आठवड्यात तुमचा माग खोलून ठेवणार होता. नुसता पडून आहे म्हणे. जेवण झाल्यावर मी त्याला निरोप धाडला, खोलू नको. कॉलनीत दोन लग्नं आहेत, दोन्ही घरी माझ्याकडून टेबलक्लॉथच जाणार, पदरासकट. धाकटा असला तरी हात तुमचाच आहे त्याचा, विणेल तो.

पण त्याआधी एक आमच्यासाठी. वचन देतो बाबा, दोन्ही खुर्च्या भरल्याशिवाय या घरात कोणी घास उचलणार नाही. माप मी आजच दोऱ्याला गाठी मारून घेतलंय. नामदेवला सांगणार आहे, या वेळी पदर दोन्ही टोकांना विण. एक आईचा आहे.

तुमचा,
मधू