भोपळ्याला पहिली सुरी

आई,

यंदा मागच्या वेलाला चांगले भोपळे धरलेत. तू असतीस तर ‘धरणारच, खड्डा मी भरलेला आहे’ एवढंच म्हणाली असतीस. तू जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी कर्वेनगरातल्या या तळमजल्याच्या घरामागची चिंचोळी जागा अजून तुझीच बाग आहे. शेणखत मी आणते, पाणी मी घालते, पण शेजारच्या काकू फाटकातून डोकावून म्हणतात, ‘आईंची बाग छान ठेवलीस हो.’ मी हो म्हणते. आणखी काय म्हणणार?

शिकवलंस तूच, हे नाकारत नाही. सकाळी ऊन चढायच्या आत नर फूल तोडायचं, पाकळ्या सोलून टाकायच्या आणि आतला पिवळा दांडा मादी फुलात हलकेच फिरवायचा, कारण आपल्या गल्लीत मधमाश्या फिरकत नाहीत. देठ वाळून लाकडासारखा झाला आणि सालीत नख रुतेनासं झालं की मगच भोपळा काढायचा, तोही चार बोटं देठ ठेवून. एकदा मी देठाला धरून उचलला तर म्हणालीस, ‘पिशवी नाहीये ती. पोटाखाली हात घाल.’ मग साल कडक होईपर्यंत उन्हात ठेवायचे, आणि नंतर मागच्या बोळात, जिथे ऊन येत नाही पण वारा येतो, लोखंडी खाटेवर पोतं पसरून एकमेकांना न टेकता मांडायचे. अधूनमधून कूस बदलायची, कुठे मऊ लागतंय का ते बोटाने दाबून बघायचं. तुझे भोपळे दिवाळीपासून होळीच्या पुढेपर्यंत टिकायचे, आणि मंडईत फोडी घेऊन बसलेल्या बायकांना तू ते मुद्दाम थांबून ऐकवायचीस.

फक्त चिरू दिला नाहीस कधी. लग्न मोडून मी परत आले ते वर्ष. दादा वहिनीला घेऊन वाकडला राहायला गेला होता, बाबा तर त्याच्या आधीच गेलेले. घरात तू आणि मी. भाजीला काही नव्हतं म्हणून मी खाटेवरचा एक भोपळा स्वयंपाकघरात आणला, सुरी घेतली, आणि तू दारातून म्हणालीस, ‘ठेव ती खाली. अख्ख्या भोपळ्याला बाईने पहिली सुरी लावायची नसते.’ मी विचारलं, कधीपासून? ‘आपल्यात नसते लावत. पुरुषाने दोन भाग करायचे, मग पुढचं आपण.’ मला हसूच आलं. तू शाळेत गणित शिकवलंस. ग्रहणात बसून चहा प्यायचीस, सोमवार-गुरुवार कधी धरला नाहीस, मांजर आडवं गेलं तर मांजराला रागवायचीस. मी हसले आणि तू म्हणालीस, ‘आणि तुझ्या हातून तर नकोच.’ त्यातला तो ‘तर’ मी पुढे वर्षानुवर्षं ऐकत राहिले. भाजी चिरताना, कॉलेजात शिकवायला जायची बस पकडताना, लग्नाच्या पंगतीत कडेला बसताना.

मग तू दादाला फोन करायचीस. ‘भोपळा चिरायचाय. रविवारी येऊन जा.’ तो यायचा, बाह्या सरसावून दोन भाग करायचा, आणि घारग्यांचा वास घरभर सुटायचा. मी ताट धरून शेजारी उभी. तू त्याला वाढताना किती बोलायचीस! उरलेला अर्धा भोपळा, फुलांची भजी, घारग्यांचा डबा, सगळं त्याच्या गाडीत जायचं. संध्याकाळी तू गप्प, मी भांडी घासते आहे.

एका वर्षी तो बरेच रविवार आला नाही. एक भोपळा देठाशी मऊ पडायला लागला. त्या सकाळी गॅसवाला सिलिंडर घेऊन आला आणि तू त्याला म्हणालीस, ‘अहो, जरा हात धुऊन आत या.’ तो बिचारा घाबरला. ‘काय झालं आजी? गळतंय का?’

‘गळत काही नाही. हा भोपळा मधोमध चिरून द्या.’

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी साडी नेसून, पर्स खांद्याला लावून, कॉलेजला निघालेली. ‘या ताईंना जमत नाही का?’

‘जमत असतं तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं?’

त्याने चिरला, हात पुसले, रिकामं सिलिंडर उचलून गेला. स्टाफरूममध्ये मी हा किस्सा रंगवून सांगितला, सगळ्याजणी पोट धरून हसल्या. मीही हसले. घरी आल्यावर त्या भोपळ्याची भाजी मात्र खाल्ली नाही.

तुझा शेवटचा हिवाळा. तोंडाला चव नाही, पेजेचे दोन चमचे पोटात जायचे, आणि एका दुपारी तूच म्हणालीस, घारगे खावेसे वाटतात. खाटेवर एक भोपळा होता, चांगला जड, साल दगडासारखी. मी उठले. ‘दादा येऊ दे,’ तू म्हणालीस. दादाला फोन केला. त्याचं ऑफिसचं काहीतरी अडलेलं, येत्या शनिवारी नक्की येतो म्हणाला. मी तुझ्या उशाशी बसले आहे, तुझा हात हातात आहे. ‘आई, मी चिरते. कोण बघतंय?’

‘मी बघतेय,’ म्हणालीस आणि भिंतीकडे तोंड फिरवलंस.

शनिवार उजाडायच्या आधीच तू गेलीस. दादा आला तो तुला पोचवायलाच.

तेराव्यानंतर घरात पाच-सहा माणसं राहिली होती. वहिनीने खाटेवरचा तो भोपळा उचलला, ओट्यावर ठेवला, फोन कान आणि खांद्यात धरून कोणाशी तरी बोलत बोलत सुरी घातली आणि जोर देऊन दोन भाग केले. मी ओरडले, ‘अगं, दादाला बोलव!’ तुझी धाकटी बहीण तिथेच लसूण सोलत होती. मावशी म्हणाली, ‘त्याला कशाला? तुझी आई विळीवर असे भोपळे फोडायची की आम्ही पोरी लांब पळायचो.’

‘मग तो नियम?’

‘कसला नियम?’

दादा दारात उभा होता. तो म्हणाला, ‘मला आई सांगायची की तुला जमत नाही. तुझं मनगट दुखतं, सुरी हातात घेतलीस की रडू येतं तुला. म्हणून तर येत होतो एवढ्या लांबून. नाहीतर भोपळा चिरायला कोण येतं?’

आतून भोपळा केशरी होता. जरासुद्धा डाग नव्हता. सगळ्यांनी घारगे खाल्ले, गोड आहे म्हणाले. मी वाढत होते.

तुला तो यायला हवा होता, एवढंच ना? मग ‘ये, तुझी आठवण येते’ असं म्हणायचं होतंस. ते तुझ्या जिभेला जड गेलं, म्हणून तू मला पुढे केलंस. त्याच्यासमोर मी दुबळी, माझ्यासमोर मी अशुभ, आणि गॅसवाल्यासमोर जे काय वाटेल ते. मी रोज घरात होते, मला बोलावून घ्यायची गरज नव्हती. शेवटी घारग्यांवाचून गेलीस, तेही हे नाटक मोडायला नको म्हणून. माझ्यासमोर मोडायला नको म्हणून. मी कोणाला सांगणार होते गं?

आता माझे मीच चिरते. पहिल्या वर्षी सुरी मधेच अडकली, भोपळ्यासकट ओट्यावर आपटावी लागली, पण चिरला. अडचण वेगळीच निघाली. एकदा कापला की टिकत नाही, आणि एकटीने किती खाणार? काकूंना फोड देते, वॉचमनला देते, तरी फ्रिजमध्ये उरतोच. कडा काळ्या पडल्या की वेलाच्या खड्ड्यात टाकते.

हे कागद दादाला दाखवणार नाही. तुझ्या फोटोमागे वगैरेही ठेवणार नाही, रद्दीत जातील. पण एक लिहून टाकते. गेल्या रविवारी मी दादाला फोन केला. त्याने विचारलं, ‘काय गं, काही काम होतं?’ मी म्हटलं, ‘नाही, सहज.’ तो बरं म्हणाला, आणि त्याने फोन ठेवला. भोपळा समोर ओट्यावर होता, आणि मनगट दुखतंय असं अगदी तोंडाशी आलं होतं माझ्या.

मनगट ठणठणीत आहे.