स्टुलाचे पाय कापण्याबाबत

मी, ऑपरेशन थिएटरमधली निवृत्त सिस्टर आणि एका सुताराची विधवा, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहिते. डोके ठिकाणावर आहे, कोणाची जबरदस्ती नाही. वकील केलेला नाही. वाचनालयातली पुस्तके वाचून मसुदा केला आहे. याआधी मृत्युपत्र केलेले नाही, कारण मरायला सवड नव्हती.

१. राहते घर मुलगा आणि सून यांना समान. मुलगा म्हणाला, "आई, तिचं वेगळं कशाला लिहितेस?" म्हणूनच लिहिते.

२. बँकेतली ठेव थिएटरला. तिच्यातून उंची कमीजास्त होणारी स्टुले घ्यावीत. माझ्या नावाची पाटी नको. लावायचीच तर लिहावे : आधी नीट उभे राहा, मग सुई मागा.

३. ज्यांना मी माघारी उंट म्हणायची, त्या सर्जनसाहेबांना माझा स्टीलचा ट्रे. टेबल त्यांच्या उंचीचे, त्यामुळे माझी कोपरे कानाशी. हातातून हातात जाताना सुई माझ्या बोटात शिरायची.

"सिस्टर, टेबल खाली घेतलं तर माझी कंबर जाईल."

"आणि वर ठेवलंत तर माझं बोट, साहेब."

शेवटी मला स्टूल आले आणि सुई ट्रेत ठेवायची, ट्रेतूनच उचलायची असे ठरले. दोघेही वाचलो. ट्रे मिळणार असल्यामुळे साहेबांना साक्षीदार करता येत नाही. ते समोर नुसतेच चहा पीत बसले आहेत आणि 'उंट' खोडा म्हणत आहेत. खोडणार नाही.

४. ते स्टूल ह्यांनी केले. मला ओट्यापाशी उभे केले, हातात पळी दिली आणि कोपराची उंची मोजली. "हलू नका, बाईसाहेब," म्हणत इतके हसले की माप पुन्हा घ्यावे लागले. ते गेल्यावरही ड्यूटीवर त्याच स्टुलावर उभी राहायची. तेवढा वेळ बरे वाटायचे. सून त्याच थिएटरात लागली तेव्हा तिला दिले. आता ते कायमचे तिचे.

"त्यात कोणताही फेरफार करू नये" असे इथे लिहिले होते. परवा सुनेला मसुदा वाचून दाखवला. तशी ती म्हणाली, "आई, रागावू नका. मला ते उंच होतं. वाकून उभी राहते."

गेल्याच महिन्यात तिला सुई टोचली होती. तपासण्या चांगल्या आल्या, पण तोवर घरात कोणाला घास गेला नव्हता.

"मग बोलली का नाहीस गं?"

"बाबांच्या हातचं आहे ना."

तिने ह्यांना पाहिलेलेही नाही. मी स्टूल उलटे करून पायांवरून हात फिरवला. ते असते तर तिलाही ओट्यापाशी उभे केले असते.

म्हणून ते वाक्य खोडले आहे आणि खोडल्या जागी सही केली आहे. पाय माझ्या हयातीतच, या आठवड्यात, सुनेच्या मापाने कापावेत. कापलेला एक तुकडा आतल्या खोलीतल्या कपाटाच्या आखूड पायाखाली सरकवावा. तेही ह्यांनीच केले आहे आणि पहिल्या दिवसापासून डुलते आहे.

लिहून देणार : सही (सुताराची बायको)
साक्षीदार १ : शेजारचे चष्मेवाले, सही
साक्षीदार २ : थिएटरमधल्या जुन्या मावशी, सही
दोघांनी माझ्यादेखत वाचले, हसले आणि मगच सह्या केल्या.
ठिकाण : राहते घर, स्वयंपाकघर
दिनांक : ९ फेब्रुवारी २०२५, रविवार