एकेचाळीस नंबरची चिठ्ठी

३ ऑगस्ट १९९८, सोमवार

मशिनं गेली चार आणि नवी पिन गेली एकच!

स्टोअरची वही तीनदा पाहिली. चौथ्यांदा पाहिली तेव्हा स्टोअरकीपर म्हणाला, "मॅडम, पानाला भोक पडंल." हसले. हसू आलं नव्हतं.

एकेचाळीस नंबरची चिठ्ठी जूनमधली. दवाखान्यात कात्र्या-चिमटे वाफेत ठेवून निर्जंतुक करायचं जे मोठं मशिन आम्ही बनवतो, त्याच्या दाराच्या कुलपाची पिन सहा मिलिमीटर लांब करा — एवढंच. खाली ड्रॉइंगवाल्यांची सही. कॉम्प्युटरवर या चिठ्ठीपुढे "पूर्ण" असं आहे. कधीपासून? १२ जुलैपासून.

मग बाकीच्या तीन पिना कुठे आहेत?

बहुतेक वहीतच राहिलं असेल लिहायचं. उद्या बघते.

४ ऑगस्ट, मंगळवार

वहीत राहिलेलं नाही. चूक माझी आहे.

डोकं थंड ठेवून लिहून काढते. कारखान्यात प्रत्येक मशिन म्हणजे एक जॉब, त्याला नंबर. मशिनमध्ये काही बदलायचं असलं की बदलाची चिठ्ठी निघते. पूर्वी या चिठ्ठ्या खिळ्याला टोचलेल्या असत — कुणी बघे, कुणी बघत नसे. म्हणून मला प्रोग्राम लिहायला सांगितला. चिठ्ठी जॉबला जोडायची. जॉब संपला की चिठ्ठी आपोआप "पूर्ण". जूनमध्ये सगळ्यांसमोर चालवून दाखवला, मॅनेजर उत्तमराव साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

पण चिठ्ठीपुढे मी जॉबची जागा ठेवली एकच. एक चिठ्ठी, एक जॉब. चिठ्ठीवर तर स्पष्ट लिहिलंय, "चारही मशिनांना". पहिलं मशिन पिन लावून गेलं, चिठ्ठी मिटली, स्क्रीनवरून गायब! पुढची तीन जुळवताना कुणालाच दिसली नाही.

हे मला सुचायला हवं होतं. कॉलेजातली पोरंसुद्धा सांगतील.

५ ऑगस्ट, बुधवार

सांगितलं नाही. उद्या.

६ ऑगस्ट, गुरुवार

साहेबांच्या केबिनपर्यंत दोनदा जाऊन आले. दुसऱ्यांदा त्यांनी विचारलं, "काय गं?" म्हटलं, कागद संपलाय प्रिंटरचा. कागदाचं अख्खं खोकं माझ्या टेबलाखाली होतं.

जेवणाच्या सुट्टीत छगनभाऊंना गाठलं. जुळणी खात्यातले सगळ्यात जुने फिटर, सोनईचे. सहज विचारल्यासारखं केलं — जुन्या पिनेनं होतं काय हो?

भाकरी मोडता मोडता थांबले. "आत वाफ आसली का दार फिरायला नको, म्हून ती पिन. जुनी आखूड हाय. जोर लावला का निसटती. आन् दार उघाडलं तर समोर उभं ऱ्हानारा मानूस गेला कामातनं." मग माझ्याकडे नीट पाहिलं. "का वो ताई?"

सांगून टाकलं. सगळ्यात आधी त्यांनाच.

ते एवढंच म्हणाले, "तिनी कुठं गेलीत?"

एक पुण्याच्या गोडाऊनमध्ये, अजून विकलेलं नाही. एक इथेच नगरमध्ये, खाजगी दवाखान्यात. आणि एक राजूरच्या पुढं, डोंगरातल्या ट्रस्टच्या दवाखान्यात.

७ ऑगस्ट, शुक्रवार

सांगितलं! एका दमात.

उत्तमराव ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. पेनाचं टोपण लावलं, काढलं, लावलं. "कुठं दार उघडल्याची तक्रार आहे का?"

"नाही सर."

"मग? चोवीस तारखेला ऑडिट आहे. सर्टिफिकेट मिळालं तर परदेशी ऑर्डर मिळते. आणि तुझं प्रोबेशन कधी संपतंय?"

"महिनाअखेर."

"बघ मग."

बघ मग — म्हणजे काय बघू?

९ ऑगस्ट, रविवार

नेवाशाला जाऊन आले. आईनं केस धुऊन दिले, मी लहान असल्यासारखे. बाबांना आडून विचारलं, कामात चूक झाली तर काय करावं. बाबा एसटी डेपोत तीस वर्षं मेकॅनिक. म्हणाले, "दुसऱ्याच्या हातून चूक झाली तर लोक त्याचं नाव घेतात. आपल्या हातून झाली की वस्तीचं घेतात. म्हणून चूक आधी आपणच सांगायची. दुसऱ्यानं शोधून काढायच्या आत."

आमच्या वस्तीतून कंपनीत खुर्चीवर बसणारी मी पहिली. याची मला कुणी आठवण करून द्यायला नको. तरी कंपनीत देतात अधूनमधून, हसत हसत.

१० ऑगस्ट, सोमवार

प्रोग्राम दुरुस्त केला. अवघा एक दिवस लागला! चिठ्ठ्या वेगळ्या, जॉब वेगळे, मध्ये एक नवी यादी — तिला "जोड" नाव दिलं. एका चिठ्ठीच्या चार जॉबांशी चार जोडण्या. प्रत्येक जोड वेगळी मिटवायची, मिटवणाऱ्याच्या नावासह. चारही मिटल्या तरच चिठ्ठी पूर्ण.

चालवला. एकेचाळीस नंबर — एक पूर्ण, तीन उघड्या.

उत्तमराव मागे येऊन उभे होते, कळलंच नाही. "ऑडिटच्या आधी तीन उघड्या? तू मला बुडवायला निघालीस का?" मग आवाज खाली आणून, "बारा जुलैची तारीख टाक चारहींना. दोन मिनिटांचं काम आहे."

दोन मिनिटांचंही नाही. चार बटणं.

"पिना बसल्या की टाकते सर." हे मी म्हटलं? मीच म्हटलं. आवाज माझा वाटत नव्हता.

११ ऑगस्ट, मंगळवार

पुण्याचं मशिन टेम्पोनं परत आलं. उत्तमरावांनीच बोलावलं, हे कबूल करायला हवं. छगनभाऊंनी माझ्यासमोर पिन बदलली. जुनी पिन माझ्या तळहातावर ठेवली, करंगळीएवढी. जोड मिटवली. राहिल्या दोन.

दोन दिवस डबा तसाच परत आणतेय. शुभांगी — माझी खोलीतली जोडीदारीण — म्हणते, डॉक्टरकडे चल. डॉक्टरकडे! दवाखान्याची पाटी दिसली तरी मला धडकी भरते.

१२ ऑगस्ट, बुधवार

नगरचं मशिन उत्तमराव स्वतः बघतो म्हणालेत, पण राजूरकडे फोन लागत नाही. पावसानं लाइन पडलीय म्हणे. एसटीडीवाला म्हणाला, "ताई, आता घंटी वाजायची तर तुमच्या कानातच वाजेल."

तार केली. "दाराचे कुलूप सदोष. मशिन वापरू नये." खाली कंपनीचं नाव घालायची छाती झाली नाही. माझं नाव घातलं.

१३ ऑगस्ट, गुरुवार

उत्तमरावांनी बोलावून घेतलं. चेहरा मोकळा होता. "नगरचं झालं. तुषार सकाळी जाऊन पिन बसवून आला. लाव पूर्ण."

तुषार म्हणजे आमचा सर्व्हिसवाला. जागेवर नव्हता. फिरतीवरच असतो.

"सही घेऊ का सर त्याची?"

"माझ्या शब्दावर विश्वास नाही?"

लावलं पूर्ण. खाली माझं नाव आलं, कारण मिटवली मी. एक ओझं उतरलं! राहिली एक. आज जेवण गेलं.

राजूरबद्दल मात्र, "दिवाळीनंतर बघू. या पावसात कोण जातंय तिकडं?"

१४ ऑगस्ट, शुक्रवार

छगनभाऊंना एवढंच म्हटलं की राजूरला दिवाळीनंतर जाणार. संध्याकाळी गेटबाहेर सायकल धरून उभे. "परवा रयवार हाय. तारकपूर स्टँडवर पहिल्या गाडीला या. पिन म्या लेथवर केलीया, तुकड्यातनं. मापानं बराबर हाय."

"गेटवर काय सांगितलंत?"

"डब्यात भाकरीखाली हुती. कोन बघतंय!"

सापडले असते तर? तेवीस वर्षांची नोकरी.

१६ ऑगस्ट, रविवार

जाऊन आलो. अंग मोडून आलंय, पण आजच लिहायचं.

संगमनेरपर्यंत नुसती भुरभुर. अकोले मागे पडल्यावर मात्र खिडकीबाहेर काही दिसेना, गाडी ढगातून चालल्यासारखी. राजूरला उतरलो तर बाजाराच्या ओट्यांवरून पाणी वाहत होतं. पुढे जीपनं गेलो. जीपमध्ये चौदा माणसं, दोन शेळ्या. छगनभाऊंनी हत्यारांची पिशवी मांडीवर लेकरासारखी धरलेली.

दवाखाना म्हणजे चार खोल्या. डॉक्टर बाळंतपणात अडकलेले. मशिन सांभाळणाऱ्या बाई भेटल्या — बनुबाई. पन्नाशीच्या, डोक्यावर पदर, हाताचे कोपर वर धरून चालत होत्या. मी मशिनकडे पाहिलं आणि जागीच थांबले. दाराच्या चाकाला सुती दोरखंड बांधलेला, दुसरं टोक खिडकीच्या गजाला.

"ह्ये काय बाई?" छगनभाऊंनी विचारलं.

"दार फिरतंय आपसूक. म्हून बांदलंय. पयल्यांदा कळलं न्हाई, तवा जरा भाजलं." पदर सारून दाखवलं. मनगटापासून कोपरापर्यंत नवी गुलाबी कातडी. जरा! "तवापासनं वाफ जाईस्तवर मी भायेर ऱ्हाते."

"तार आली नाही का? मशिन वापरू नका अशी?"

"आली न्हवं परवा. डॉक्टरांनी वाचली. पर वापरू न्हाई तर बाळंतनीची कात्री कशात घालू, तुमीच सांगा."

मी पिशवी उघडून नवी पिन छगनभाऊंच्या हातात दिली.

छगनभाऊंनी तासाभरात पिन बसवली. वाफ भरून तीनदा दार ओढून पाहिलं, दोन्ही हातांनी, स्वतः समोर उभं राहून. मला बाजूला व्हायला सांगितलं, मी झाले नाही. दार हललं नाही. वाफ गेल्यावर बोटानं फिरलं!

मी बनुबाईंना म्हटलं, ही चूक माझी होती, मी कॉम्प्युटरवर चुकीचं जोडलं. त्यांना कॉम्प्युटर काय ते कळलं नसावं. म्हणाल्या, "लई लांबनं आलात. च्या घ्या." रागावल्या नाहीत. मला ते फार लागलं.

परतीच्या गाडीत छगनभाऊ झोपले. मी जागी. आता एकच विचार, नगरचं मशिनही डोळ्यांनी बघून यावं का? खोलीपासून सायकलवर दहा मिनिटं.

१७ ऑगस्ट, सोमवार

राजूरची जोड मिटवली. खरी तारीख, १६ ऑगस्ट. उत्तमरावांना सांगितलं. "कुणाच्या परवानगीनं?" एवढंच. मग खिडकीकडे बघत, "भाजलं होतं म्हणतेस?"

"हो सर."

नगरचं विचारलं तर म्हणाले, "झालंय म्हटलं ना एकदा!"

१९ ऑगस्ट, बुधवार

ऑडिटची तयारी. प्रत्येक चिठ्ठी, प्रत्येक जोड कागदाशी ताडून पाहतेय. दोनशे अकरा चिठ्ठ्या. नगरला जायचं राहिलं. उद्या नक्की.

२१ ऑगस्ट, शुक्रवार

राहिलं. साडेआठपर्यंत ऑफिसात होते. तुषार भेटेल तेव्हा विचारेन. एवढं काय, झालंच आहे.

२४ ऑगस्ट, सोमवार

पास! ऑडिटरनं "जोड" यादी मुद्दाम उघडून पाहिली. नेमकी एकेचाळीसच! चार जोडण्या, चार तारखा. विचारलं, "या तारखांत एवढं अंतर का?" मी घडलं तसं सांगितलं, माझी चूक धरून. उत्तमरावांचा चेहरा पांढरा पडला. ऑडिटर म्हणाला, "चूक शोधून निस्तरली, याचसाठी तर पद्धत असते." आणि लिहून घेतलं, चांगल्या बाजूला!

संध्याकाळी पेढे. कायम केल्याचं पत्र हातात. बाबांना डेपोत फोन केला. गाड्यांच्या आवाजात त्यांनी पत्र दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "पत्र नीट ठेव. घडी पडू देऊ नको."

पेढे तीन खाल्ले.

२७ ऑगस्ट, गुरुवार

सकाळी सव्वादहाला नगरच्या दवाखान्यातलं दार उघडलं. आत पूर्ण वाफ होती. समोर केशरबाई, तिथल्या आया. दोन्ही हात, चेहरा. डोळ्यांचं अजून सांगत नाहीत.

तुषार म्हणतो, "मला कुणी पाठवलंच नव्हतं. तेरा तारखेला मी सोलापुरात होतो."

उत्तमराव म्हणाले, "ती ओळ पुस. आत्ता, माझ्यासमोर." पुसली नाही. छापून घेतली. जॉबचा नंबर, पूर्ण, १३ ऑगस्ट, खाली माझं नाव. कागद घेऊन आधी केशरबाईंच्या घरच्यांकडे चालले आहे, तिथून पोलिसांत.