गायकाची सर्दी बरी झाली

ग्लासगो, मंगळवार

प्रिय सेंगामावशी,

यूअनचा वाकून नमस्कार. गुडघा काय म्हणतो? पेझलीला पाऊस थांबला असला तर आश्चर्यच. काकांना आणि मांजराला (त्याच क्रमाने) आठवण सांग. मी मजेत आहे, आणि हे वाक्य गेल्या शुक्रवारी मला लिहिता आलं नसतं.

आमची गायिका इशबेल बँड सोडून गेली, शनिवारच्या कार्यक्रमाला रेकॉर्ड कंपनीची बाई येणार, आणि गायला कोणी नाही! कार्यक्रम पडला असता तर बँड मोडला असता आणि मी बाबांच्या दुकानात गालिच्यांची मापं घेत बसलो असतो. इशबेल गायची ती हरवलेली किल्ली शोधताना माणूस स्वतःशी पुटपुटतो तशी. लोक कान टवकारून ऐकायचे आणि एक शब्द न कळता रडायचे. तिच्या जागेसाठी आधी आला ग्रांट. तो ओळीच्या शेवटी असा किंचाळला, की शेजारचा न्हावी कात्रीसकट धावत आला. जोर होता, पण हळू गा म्हटलं की आवाजच निघेना. मग कॅट्रिओना. तिने सूर लावला आणि आमचा चहा ओतून झाला तरी तो जागचा हलला नव्हता. मॉइरा (ही ड्रम वाजवते आणि आम्हा सगळ्यांना हाकते) म्हणाली, "आवाज फार सुंदर आहे गं तुझा." आमच्यासारख्या फाटक्या आवाजाच्या बँडमध्ये याचा अर्थ नकार. बिचारी समजली आणि कोट घालून गेली.

तिसरा आला त्याचा (नाव शेवटी सांगतो, आधी ऐक) आवाज मध्येच फाटायचा, मध्येच बुडायचा, वरच्या पट्टीत तर नुसती हवा. मॉइराच्या डोळ्यांत पाणी. "ह्याने काहीतरी भोगलंय रे!" त्याला तिथल्या तिथे घेतला. शुक्रवारी तालमीला आला तो घंटेसारखा खणखणीत. भोगली होती ती सर्दी! मॉइराने कपाळाला हात लावला. "गधड्या, औषध घ्यायला कुणी सांगितलं होतं तुला?" त्याला आइस्क्रीम चारलं, पावसात उभा केला, गळा ढिम्म.

शनिवारी तो गायला, एकूण एक सूर जागच्या जागी. मी मान खाली घालून गिटार वाजवत राहिलो. संपल्यावर रेकॉर्ड कंपनीची ती बाई रंगमंचामागे आली आणि म्हणाली, "सुरात गायची हिंमत हल्ली कोण करतं हो?" रेकॉर्ड ठरली! मावशी, मी बाहेर जाऊन भिंतीला टेकून रडलो. इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

तुझा (अजूनही लाडका असलो तर),
यूअन

ता. क. त्याचं नाव रुअरी मॅकफेल. हो, तू दर रविवारी चर्चमध्ये ज्यांच्याकडून गाऊन घेतेस त्यांच्यातला, उंच पट्टीचा. घसा बसला म्हणून तूच त्याला घरी निजून राहायला सांगितलं होतंस. औषधही तुझंच. तुझ्यासमोर यायची त्याची छाती होत नाही. माझीही नाही, म्हणून हे पत्र.

आणखी एक. ईस्टरच्या रविवारी त्याचा आवाज रेकॉर्ड करायचा आहे, तेवढं त्याला सोड. माझं गिटार आदल्या दिवशी उरकेल, तेव्हा तुझ्याकडे त्याच्या जागी मी उभा राहतो. घाबरू नकोस, नुसतं तोंड हलवीन.